पुनर्लेखन, व्यक्तिरेखांचे

पूर्वी रचलेल्या आणि वाचकांच्या परिचयाच्या साहित्यकृतीतील पात्रे घेऊन दुसऱ्या लेखकाने केलेली नवी रचना. अशा रचनेची चर्चा करताना दोन प्रश्न उपस्थित होतात. मूळ कृतीत पात्राचे जे स्वरूप दिसते, ते नव्या रचनेत कितपत राखले गेले, हा निष्ठेचा प्रश्न होय. मूळ कृतीने किंवा परंपरेने त्या पात्रावर अन्याय केला असल्यास त्याचे परिमार्जन झाले काय, हा न्यायाचा प्रश्न होय. पात्र सर्वमान्य असेल, तर हे दोन्ही प्रश्न बहुधा एकमेकांशी जुळून जातात. ते वादग्रस्त असेल, तर मात्र त्यांच्यात विरोध निर्माण होतो.

ही प्रवृत्ती प्राचीन आहे. संस्कृत नाटककारांनी रामायण-महाभारतातील पात्रे स्वतंत्र बुद्धीने हाताळली. मायकेल मधुसूदन दत्त यांनी मेघनादवध काव्य (१८६१) या बंगाली महाकाव्यात इंद्रजिताला नायकपद दिले. शार्लट ब्राँटी यांच्या जेन एअर (१८४७) या कादंबरीतील वेडी ठरविलेली पहिली पत्नी जीन ऱ्हिस यांच्या वाइड सारगॅसो सी (१९६६) या कादंबरीत आपली बाजू मांडते. एखाद्या कृतीच्या चाहत्यांनी हौसेने केलेले, ‘फॅन फिक्शन’ या नावाने ओळखले जाणारे लेखन याच प्रवृत्तीचे अर्वाचीन रूप आहे. स्टार ट्रेक या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ पासून काढलेल्या नियतकालिकांमुळे त्याला संघटित स्वरूप आले. ‘हे पात्र असे वागणारच नाही’ हा या लेखनावरील नेहमीचा आक्षेप. तो नवा वाटला, तरी भारतीय वाचकाला त्याचा परिचय फार पूर्वीपासून आहे. कर्णाच्या व्यक्तिरेखेविषयीचा वाद हे त्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण होय.

मूळ संहितेतील कर्ण : पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. सी. सुखटणकर हे तिचे आद्य प्रमुख संपादक. निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितांची तुलना करून उपलब्ध पुराव्यानुसार जास्तीत जास्त प्राचीन पाठ निश्चित करणे आणि उरलेला मजकूर तळटीपांत व परिशिष्टांत देणे, ही तिची पद्धती. त्यामुळे कर्णाविषयीच्या अनेक रूढ समजुती तपासून पाहण्याचे साधन उपलब्ध झाले.

या संहितेतील कर्ण एकरंगी नाही. जन्मतः त्यागलेला, अधिरथ व राधा यांनी वाढविलेला, रंगभूमीवर कुलाच्या प्रश्नाने अडविला गेलेला आणि दुर्योधनाने अंगराज्य देऊन उपकृत केलेला हा योद्धा आहे. सूर्याने आधी सावध केले असतानाही तो कवचकुंडले इंद्राला देतो. मात्र त्याच्या मोबदल्यात अमोघ शक्ती मागून घेतो. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्याची आशा दाखवितो, तेव्हा पालक माता-पित्यांचे प्रेम आणि दुर्योधनाचे सख्य यांसाठी तो ते नाकारतो. अर्जुनाखेरीज इतर चार पांडवांना न मारण्याचे वचन तो कुंतीला देतो. ही त्याची थोर बाजू होय.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदलेली आहे. द्यूतसभेत विकर्ण द्रौपदीचा पक्ष घेतो, तेव्हा त्याचे खंडन कर्णच करतो; तिला कुलटा ठरवितो आणि तिची व पांडवांची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगतो. घोषयात्रेत गंधर्वांपुढून तो माघार घेतो. अभिमन्यूला निःशस्त्र करण्यात त्याचा हात असतो. पांडवांना आपण जे कठोर बोललो, ते दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून बोललो आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी कबुली पुढे तो स्वतःच कृष्णाजवळ देतो. म्हणजेच मूळ ग्रंथ त्याचा दोष झाकत नाही आणि त्या दोषाची जाणीवही त्याच्यापासून हिरावून घेत नाही.

काही स्थळे खरोखरच संदिग्ध आहेत. द्यूतानंतर द्रौपदी पांडवांना तारणारी नौका ठरली, असे कर्ण म्हणतो. हे शब्द स्तुतीचे की उपहासाचे, हे संहिता उलगडून सांगत नाही. भीमाला मात्र ते झोंबतात. अशा ठिकाणी पुनर्लेखकाचे स्वातंत्र्य निर्विवाद मानावे लागते.

रूढ समजुती : कर्ण धनुष्य पेलण्यास सिद्ध झाला असता ‘मी सूताला वरणार नाही’ असे द्रौपदीने म्हटले, हा प्रसंग सर्वतोमुखी आहे. चिकित्सक आवृत्तीने तो मूळ पाठात स्वीकारलेला नाही. उलट, कर्ण, शल्य यांसारख्या वीरांना जे धनुष्य साधले नाही ते या ब्राह्मणाला कसे साधणार, अशी शंका तेथील ब्राह्मण व्यक्त करतात. द्रोणाने कर्णाला विद्याच नाकारली, ही समजूतही अपुरी आहे. आदिपर्वात द्रोणाकडे आलेल्या शिष्यांत राधेयाचा उल्लेख येतो; शांतिपर्वातील नारदाच्या कथनानुसार द्रोणाने त्याला नाकारले ते ब्रह्मास्त्र होय. अर्थात या नकारामागेही वर्णाचाच निकष आहे. त्यामुळे अन्यायाची वस्तुस्थिती पुसली जात नाही, तिचे माप तेवढे बदलते.

पुनर्लेखनाची परंपरा : भासाच्या नावावरील कर्णभार या एकांकी नाटकात कवचकुंडलांचे दान ऐन युद्धाच्या दिवशी घडते आणि कर्ण मोबदला मागत नाही; नंतर देऊ केलेली शक्तीही तो नाखुषीनेच घेतो. एवढ्या एका बदलाने सावध दाता निरपेक्ष दाता बनतो. दहाव्या शतकातील कन्नड कवी पंप याने विक्रमार्जुनविजय या काव्यात आपल्या आश्रयदात्याची अर्जुनाशी एकरूपता कल्पिली. तरीही कर्णाचा गौरव करताना त्याने हात आखडता घेतला नाही. रवींद्रनाथ टागोर यांच्या कर्णकुंतीसंवाद (१९००) या नाट्यकाव्यात राज्यलोभ मागे पडून मातृवियोगाची व्यथा केंद्रस्थानी येते. रामधारीसिंह दिनकर यांच्या रश्मिरथी (१९५२) या सात सर्गांच्या हिंदी काव्यात कर्ण हा जन्माधिष्ठित श्रेष्ठतेविरुद्धचा आवाज ठरतो. द्यूतसभेवर मात्र त्यात एकही स्वतंत्र सर्ग नाही.

मराठीत वि. वा. शिरवाडकर यांचे कौंतेय हे नाटक, शिवाजी सावंत यांची मृत्युंजय (१९६७) आणि रणजित देसाई यांची राधेय (१९७३) या कादंबऱ्या विशेष प्रसिद्ध आहेत. मृत्युंजयमध्ये नऊ प्रकरणांतून सहा पात्रे आपापल्या मुखाने कथा सांगतात. एकाच घटनेकडे अनेकांनी पाहावे, अशी ही रचना असली, तरी बहुतेक निवेदक कर्णाच्या निकटचे असल्याने कौल त्याच्याच बाजूने झुकतो. महाभारतात कर्णाच्या पत्नीचे विलाप आहेत, पण तिचे नाव नाही. मराठी वाचकाला मात्र ‘वृषाली’ हे नाव मूळचेच वाटते. पुनर्लेखन किती खोलवर रुजते, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्याच १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या युगान्तमध्ये इरावती कर्वे यांनी चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन कर्णाकडे ममतेने, परंतु दोषांवर पांघरूण न घालता पाहिले. एकाच वर्षातील ही दोन पुस्तके या वादाची दोन टोके दाखवितात. लोकपरंपरेतील जांभूळ आख्यानात तर द्रौपदीच्याच मनात कर्णाविषयी अभिलाषा उत्पन्न होते. शाहीर विठ्ठल उमप यांच्या प्रयोगांमुळे हे आख्यान नागर प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

न्याय आणि निष्ठा : बदल केला, एवढ्यावरून कोणतेही पुनर्लेखन सदोष ठरत नाही. भासाचा बदल उघड आहे आणि प्रेक्षकाला मूळ कथा ठाऊक आहे, असे तो गृहीत धरतो. जांभूळ आख्यान आपण इतिहास सांगतो, असा दावा करीत नाही. खरी अडचण निर्माण होते ती एका पात्राच्या न्यायाची किंमत दुसऱ्या पात्राकडून वसूल केली जाते तेव्हा. कर्णाच्या द्यूतसभेतील शब्दांना स्वयंवरातील अपमानाचे कारण जोडले, की ते शब्द सूडाचे व म्हणून समजण्याजोगे वाटू लागतात; आणि सभेत विटंबना झालेली स्त्रीच त्या विटंबनेचे मूळ ठरते. स्वयंवरातील नकार प्राचीन पाठात नसेल, तर हा दोषारोप पूर्णतः उत्तरकालीन होय. १९८८ ते १९९० या काळात प्रसारित झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या महाभारत या दूरचित्रवाणी मालिकेतही हा नकार दाखविला गेल्याने तो घरोघर पोहोचला. सूतपुत्राला न्याय देताना द्रौपदीवर अन्याय झाला, हे त्यामुळे सहसा ध्यानात येत नाही.

यावरून परीक्षणाचे काही निकष मांडता येतात. पहिला, मूळ कृतीतील निर्णायक कृत्ये कायम आहेत काय? हेतू नवा कल्पिता येतो. परंतु कृत्य वगळले, तर पात्र वेगळेच होते. दुसरा, नवा हेतू पात्राच्या इतर वर्तनाशी सुसंगत आहे काय? तिसरा, पात्राची स्वतःविषयीची जाणीव राखली आहे काय? पश्चात्ताप करणाऱ्या कर्णाला निर्दोष ठरविणे म्हणजे त्याचा पश्चात्तापच निरर्थक करणे होय. चौथा, इतर पात्रांनाही तीच सहानुभूती मिळते काय? लेखकाने आधार घेतलेला पाठ कोणता, हेही पाहावे लागते. कारण महाभारतासारख्या ग्रंथाच्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्द चिकित्सक आवृत्ती, प्रादेशिक पाठ आणि लोककथा यांना निरनिराळ्या अर्थांनी लागू पडतो.

या निकषांवरही मतभेद संपणार नाहीत. कुळामुळे डावलले जाण्याचा अनुभव ज्या समाजात आजही जिवंत आहे, तेथे कर्णाची बाजू पुन्हा पुन्हा मांडली जाणे स्वाभाविक आहे. ती मांडताना त्याचे दोष त्याच्याच पदरी ठेवले, तरी त्याची शोकात्मता उणावत नाही. उलट, अन्याय सोसणारा माणूसही अन्याय करू शकतो, हे मूळ ग्रंथातील कठोर सत्य अधिक ठळक होते.