गाडीची चावी आणि विम्याचा कागद

गोमंतकात नवी गाडी दारी येणे हा आजही घरचा सोहळाच असतो. विक्रेत्याकडून निघालेली गाडी प्रथम मंगेशीला, नाही तर कवळ्याला श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला जाते. चाकाखाली लिंबे ठेवली जातात, नारळ फुटतो, झेंडूचा हार चढतो आणि मगच ती अंगणात उभी राहते. या श्रद्धेला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु त्याच गाडीच्या पुढच्या कप्प्यात घालून दिलेला विम्याचा कागद वर्षानुवर्षे घडीही न मोडता पडून राहतो, ही गोष्ट मात्र आम्हांस चिंतेची वाटते. नुकताच अठरा वर्षे पूर्ण केलेला, अथवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागताच कर्ज काढून पहिली गाडी घेतलेला तरुण तिच्या रंगाविषयी आणि वेगाविषयी तासभर बोलू शकतो. आपल्या विम्यात काय आहे आणि काय नाही, असे त्याला विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते: पोलिसांनी अडवले तर दाखवायला कागद आहे!

हा कागद मुळात पोलिसांसाठी नाहीच. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हे तत्त्व स्वीकारले आणि १९४६ पासून ते अमलात आले. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. आज देशभर लागू असलेल्या १९८८ च्या कायद्याचे १४६ वे कलम सांगते की, तृतीय पक्षाच्या, म्हणजे परक्या माणसाच्या हानीचा विमा उतरविल्यावाचून कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी चालविता येणार नाही. यामागील विचार साधा आहे. आपल्या गाडीखाली एखादा पादचारी सापडला, तर त्याच्या कुटुंबाचे पोट चालविण्याइतका पैसा आपल्यापाशी असेलच असे नाही. सबब ती ऐपत आधीच विकत घेऊन ठेवावी आणि मगच रस्त्यावर यावे.

विम्याशिवाय गाडी चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दंड चार हजारांचा. पुष्कळ तरुण हिशेब करतात तो एवढ्यावरच. परंतु खरा हिशेब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर होतो. मृताचे वय, त्याची मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून तेथे भरपाई ठरते. तरुण कमावता माणूस गेला असेल, तर ती रक्कम लाखांच्या घरात सहज जाते. विमा नसेल, तर ती वाहनमालकाला भरावी लागते आणि न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यातच आहे. वाडवडिलांनी राखलेले भाट किंवा कुळागर एका संध्याकाळच्या बेफिकिरीपायी जाऊ शकते, हे आमच्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनीही ओळखावे.

आणि हे टाळण्यास खर्च तो किती? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार ते पंधराशे सी.सी. इंजिनाच्या खाजगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ३,४१६ रुपयांस ठरला. कर वेगळा धरला, तर दिवसाला साडेनऊ रुपयेही पडत नाहीत. हा दर सरकार ठरवते. त्यामुळे या भागासाठी कंपन्यांमध्ये घासाघीस करण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा, तर नव्या दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावा लागतो.

येथे पहिली गफलत होते. केवळ तृतीय पक्ष विमा घेतला, तर परक्याच्या हानीची सोय होते, आपल्या गाडीची नाही. झाड कोसळले, गाडी चोरीला गेली, कुंपणावर आपटली, तर या विम्यातून दमडीही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या हानीचाही अंतर्भाव असलेली पॅकेज पॉलिसी लागते. दोहोंतला दुसरा फरक तर याहून मोठा आहे. आपल्या शेजारी बसलेला मित्र हा कायद्याच्या अर्थाने आपोआप तृतीय पक्ष ठरत नाही. स्कूटरवर मागे फुकट बसलेल्या माणसाला किमान कायदेशीर विम्याचे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. पॅकेज पॉलिसीत मात्र खाजगी गाडीतून जाणारे प्रवासी संरक्षित मानले जातात. चार मित्रांना बसवून रात्री कळंगुटहून परतणाऱ्या तरुणाने आपल्या खिशात यांपैकी कोणता कागद आहे, हे निघण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

दुसरी गफलत वडिलांच्या गाडीची. आपल्याकडे विम्याचा हप्ता चालविणाऱ्याच्या वयावरून सहसा ठरत नाही. विमा गाडीचा असतो. त्यामुळे ज्याच्यापाशी वैध परवाना आहे, अशा मुलाने वडिलांच्या संमतीने गाडी चालविली, तर पॉलिसी चालू राहते. परंतु पंधरा लाख रुपयांचा जो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो फक्त मालक-चालकाचा, म्हणजे नोंदणी ज्याच्या नावे आहे आणि ज्याच्यापाशी परवाना आहे त्याचाच. मुलगा चालवीत असता त्यालाच काही झाले, तर वडिलांच्या नावचे ते पंधरा लाख त्याच्या वाट्याला येत नाहीत. मागून आणलेले वाहन चालविणारा मालकाच्याच जागी उभा असतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घेतली आहे. म्हणून ज्या घरात मुले गाडी चालवितात, तेथे त्यांच्या नावे वैयक्तिक अपघात विमा वेगळा घेणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट अटींची. हप्ता भरला म्हणजे विमा आपल्याला काहीही करण्याची मोकळीक देतो, ही समजूत घातक होय. परवाना नसताना किंवा दारू पिऊन गाडी हाकली, तर आपल्या गाडीची भरपाई कंपनी नाकारते. परक्याच्या दाव्यातही अशा वेळी हरकत घेण्यास कायद्यानेच तिला आधार दिला आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवान्यासंबंधीच्या वादात जे सूत्र घालून दिले, त्यानुसार न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडिताचे पैसे चुकते करण्यास आणि मग ते वाहनमालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. म्हणजे पीडित सुटतो. मालक सुटत नाही. आणि पालकांनी हेही ध्यानी घ्यावे की, अल्पवयीन मुलाच्या हाती चावी दिल्यास पालक अथवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

आमच्या राज्यापुरता एक धोका विशेष आहे. पर्यटकांचा मोसम सुरू झाला की, चार पैसे सुटतील म्हणून खाजगी क्रमांकाची गाडी भाड्याने देण्याचा मोह पुष्कळांना होतो. रीतसर भाड्याच्या मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. तिचा परवाना वेगळा आणि विमाही वेगळा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर करण्यास स्पष्ट मनाई असते. अशा गाडीने अपघात केला, तर दोन दिवसांच्या भाड्यापायी सगळे संरक्षण पणाला लागते. 'सगळेच देतात' हा युक्तिवाद न्यायाधिकरणासमोर टिकत नाही.

तद्वत् आमचा पाऊस. पुराचे पाणी, वादळ, पडलेले झाड यांपासून होणारी हानी पॅकेज पॉलिसीत येते. परंतु साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा हट्ट धरला आणि इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर ती हानी परिणामी मानून कंपनी नाकारते. इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घेतलेली असेल, तरच निभाव लागतो. पाण्यात अडकलेली गाडी सुरू करू नये, ढकलून बाहेर काढावी आणि कंपनीला कळवावे, हा नियम प्रत्येक नवशिक्याने पाठ करावा.

पैशांच्या बाबतीत दोन संज्ञा समजल्या की पुष्कळसे काम होते. पहिली आयडीव्ही, म्हणजे घोषित विमामूल्य. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण मोडली, तर मिळणाऱ्या रकमेचा आधार हाच. रूढ कोष्टकानुसार गाडी जुनी होईल तसे ते घटत जाते आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. हप्ता कमी दिसावा म्हणून हे मूल्य मुद्दाम उतरवून घेणे म्हणजे आपल्याच हाताने आपली भरपाई कापणे होय. दुरुस्तीच्या वेळीही प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी वजावट होते. ती टाळायची असेल, तर नव्या गाडीला झीरो डेप ही पुरवणी उपयोगी पडते.

दुसरी संज्ञा नो क्लेम बोनस. वर्षभर दावा केला नाही, तर स्वतःच्या हानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षी वीस टक्के सूट मिळते आणि ती पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते; गाडी विकली, तरी ती आपल्या पुढच्या गाडीला लावून घेता येते. म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी बोनस किती बुडेल, ते मोजावे. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास हा बोनस जातो. दरम्यानच्या काळात तर विमा एक दिवसही नसतो. हप्ता पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा विमा कायद्याचा मूलभूत नियम आहे.

जुनी गाडी घेणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. गाडी हस्तांतरित झाली की, तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आले असे कायदा मानतो. परंतु चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते. ती जुन्या मालकाच्याच नावे राहिली, तर आपल्या गाडीच्या हानीचा दावा अडतो.

आणि अपघात झालाच तर? कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकावर पहिले कर्तव्य घातले आहे ते जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे. त्यानंतर पोलिसांना आणि विमा कंपनीला खबर. भीतीपोटी पळून जाणारा तरुण जखमीच्या जिवाशी खेळतो आणि स्वतःचा बचावही गमावून बसतो. जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत, कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये आणि गाडी कोण चालवीत होते, याविषयी खोटे सांगू नये. कंपनीने दावा अन्यायाने फेटाळला, तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे दाद मागण्यास शुल्क लागत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यातही त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी अडीचशेहून अधिक बळी गेले. या आकड्यांतला प्रत्येक एक हा कोणाच्या तरी घरचा कर्ता, लेक किंवा सून होता. विमा कोणालाही परत आणीत नाही. तो मागे राहिलेल्यांच्या घरातली चूल तेवढी पेटती ठेवतो.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. वाहतूक खात्याने पहिला परवाना देताना तरुणाला विम्याचे हे चार मुद्दे समजले आहेत की नाहीत, याची परीक्षा घ्यावी आणि महाविद्यालयांनी त्यासाठी वर्षातून एक तास काढावा. विमा कंपन्यांनीही पॉलिसीतील अटींचा सारांश मराठीत आणि कोंकणीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत छापून द्यावा. जो करार ग्राहकाला वाचताच येत नाही, त्याच्या अटी त्याच्यावर लादणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

परंतु सरकार आणि कंपन्या जागे होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. स्वतःच्या कमाईची गाडी घेऊन वाटेल तिकडे जाता येणे, हे तरुणाच्या आयुष्यातले एक निर्भेळ सुख आहे आणि ते त्याने जरूर भोगावे. मात्र रस्ता त्याच्या एकट्याचा नाही. त्यावरून बाजारहाट करून येणारी म्हातारी चालते, शाळेची मुले चालतात, रात्रपाळीचा कामगार सायकल हाकीत जातो. त्यांच्यापैकी कोणाचीही आणि आपली भेट दुर्दैवाने झालीच, तर त्यांना तोंड दाखविता येईल एवढी तजवीज करून ठेवणे, हीच प्रौढपणाची पहिली खूण होय. आज संध्याकाळी प्रत्येक घरातल्या तरुणाने तो कागद कप्प्यातून बाहेर काढावा, वडीलधाऱ्यांसह वाचावा आणि तो कोणत्या तारखेला संपतो, ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.