रोटरी कटरचे पाते : निगा व बदल

कार्यानुभवासाठी ज्या शाळांनी शिवणकाम किंवा गोधडीकाम निवडले आहे, त्यांच्यापैकी काही ठिकाणी अलीकडे रोटरी कटर हे हत्यार दिसू लागले आहे. करंजीचे कातणे ज्यांनी हाताळले आहे, त्यांना याची रचना निराळी समजावून सांगावयास नको. मुठीच्या टोकाशी वाटोळे पाते असते व ते पट्टीच्या कडेने कापडावरून फिरत जाऊन कापते. जपानमधील ओल्फा कंपनीने हे हत्यार १९७९ साली प्रथम बाजारात आणले. बोथट झालेले टोक मोडून टाकावयाच्या चाकूची १९५६ सालची युक्तीही याच कंपनीच्या संस्थापकांची. ‘ओल्फा’ हे नावदेखील जपानीतील ‘मोडणे’ व ‘पाते’ या शब्दांवरून पडलेले आहे.

हत्यार आले, पण पाते बदलावयाचे असते ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. मूठ जडसंग्रह नोंदवहीत चढते. पाते मात्र खडूप्रमाणे संपणारी वस्तू आहे, हे मुख्याध्यापकांना पटवून द्यावे लागते. बोथट पाते वापरण्यात काटकसर नाही. ते कापत नाही म्हणून शिक्षिका जोर देतात, जोराने पट्टी सरकते आणि पाते पट्टीवर चढून डाव्या हाताच्या बोटांवर येते. धारदार पात्यापेक्षा बोथट पात्याचे भय अधिक असते ते यामुळेच.

पाते खराब झाले की नाही, हे कापडच सांगते. कापलेल्या रेषेत मधूनमधून धागे न तुटता राहू लागले, तर ते कोठे राहतात ते पाहावे. नेहमीचे पाते ४५ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे त्याचा परीघ सुमारे १४१ मिलिमीटर झाला. न तुटलेला धागा दर १४ सेंटिमीटरांवर येत असेल, तर पात्याच्या धारेला एके ठिकाणी खाच पडली आहे असे निश्चित समजावे. २८ मिलिमीटरच्या पात्याला हेच अंतर सुमारे ८८ व ६० मिलिमीटरच्या पात्याला सुमारे १८८ मिलिमीटर येईल. (वरच्या वर्गात परिघाचा पाठ घेताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.) धागे कोठेही राहत असतील, तर धारच गेली आहे. आणि कापड हलवूनही चटईच्या एकाच जागी राहत असतील, तर दोष पात्याचा नसून तेथे चटईला चर पडला आहे.

खाच बहुधा टाचणीवरून पाते गेल्याने पडते. कापावयाच्या रेषेवर टाचणी राहू देऊ नये. शहाबादी फरशीवर किंवा काचेवर कापल्यास धार तत्काळ जाते. याकरिता मिळणारी खास चटईच वापरावी व ती उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने ती वाकते. कापडाच्या पात्याने कागद कापू नये.

नवे पाते मागविण्यापूर्वी जुने एकदा उघडून पुसावे. पाते व मूठ यांच्यामध्ये कापडाचा भुगा साठून पाते फिरेनासे होते. फिरले नाही की एकाच जागी झिजते. भुगा काढून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावावा व चिंधीवर दोनचार वेळा फिरवून तेल टिपून घ्यावे, म्हणजे कापडाला डाग पडणार नाही. कोकणच्या पावसाळ्यात तर गंजासाठीही हे आवश्यक आहे.

बदलताना घाई करू नये. कागदावर मळसूत्र, पाते, वायसर, चाकी असे भाग निघतील त्या क्रमाने मांडावेत. वायसर वाकडा असतो. त्याची बाक असलेली बाजू कोणीकडे होती ते पाहून ठेवावे. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवल्यास उत्तमच. पात्याला धारेवर स्पर्श न करता दोन्ही सपाट बाजूंनी धरावे. नवी पाती तेलाने एकमेकांना चिकटलेली असतात. दोन बसविली गेली नाहीत ना, हे तपासावे. चाकी इतकीच आवळावी की पाते डगमगणार नाही, पण सहज फिरेल. पाती परजण्याची साधने मिळतात, पण शाळेने त्या वाटेस न जाणे बरे. सर्वत्र सारखी धार क्वचितच येते.

प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हाती हे हत्यार मुळीच देऊ नये. तुकडे शिक्षकांनी कापावेत, मुलांनी जोडावेत. प्रत्येक काप झाल्यावर, अर्ध्या मिनिटासाठी खाली ठेवावयाचे असले तरी, पात्यावरचे झाकण ओढावे.

राहिला प्रश्न जुन्या पात्यांचा. शाळेमागच्या उकिरड्यावर टाकलेले पाते झाडणाऱ्या बाईंच्या हाताला किंवा चरणाऱ्या गुराच्या तोंडाला लागते. पत्र्याच्या एखाद्या डब्याच्या झाकणाला बारीक फट पाडून झाकण चिकटपट्टीने पक्के करावे, वर ‘धारदार पाती’ असे ठळक लिहावे व डबा कपाटात कुलपाखाली ठेवावा. एक-दोन पाती कागदकामासाठी राखावयाची असल्यास त्यांच्यावर शाईने खूण करावी. डबा भरला म्हणजे तो न उघडता, आत काय आहे ते सांगून, भंगारवाल्याच्या स्वाधीन करावा.