वाहन अनुज्ञप्ती-चाचणीचे हस्तांतरण : मीरा-भाईंदरच्या संदर्भात

यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत (नोंद ३५) असला, तरी चालकाची परीक्षा कोणी घ्यावी हे मुख्यत्वे केंद्रीय कायद्याने ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९ नुसार ही परीक्षा परिवहन कार्यालयाकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १२ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांना स्थान मिळाले आणि त्यासंबंधीचे नियम ३१-बी ते ३१-जे १ जुलै २०२१ पासून लागू झाले.

अशा केंद्रात हलक्या वाहनाचे २९ तासांचे शिक्षण, म्हणजे ८ तास सैद्धान्तिक व २१ तास प्रत्यक्ष, पूर्ण करून उत्तीर्ण होणाऱ्यास नमुना ५-बी मध्ये प्रमाणपत्र मिळते व शासकीय चाचणीतून सूट मिळते. अनुज्ञप्ती मात्र परिवहन कार्यालयच देते. नियम २४ खालील नेहमीच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र ही सूट देत नाही. १ जून २०२४ पासून सरकारी चाचणी बंद होणार, अशी वार्ता पसरली तेव्हा केंद्रीय मंत्रालयाला हाच भेद स्पष्ट करावा लागला.

मीरा-भाईंदरमध्ये हा भेद जमिनीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. हलक्या वाहनांच्या केंद्रास किमान १ एकर, म्हणजे ४० गुंठे, जागा लागते. अवजड वाहनांसाठी २ एकर. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मध्ये मिठागरे व कांदळवने अशा शहरात एका गाळ्यातून चालणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलला ही अट पेलणे जवळजवळ अशक्यच. परिणामी चाचणीतून सूट देणारे केंद्र मोठ्या भांडवलाच्या हाती जाण्याचा संभव अधिक. येथील उमेदवारांना दीर्घकाळ ठाण्याच्या कार्यालयावर (एमएच-०४) अवलंबून राहावे लागले. २०२५ मध्ये शासनाने एमएच-५८ या संकेतांकासह स्वतंत्र कार्यालयास मान्यता दिली.

याहून गंभीर मुद्दा हितसंबंधांचा आहे. प्रशिक्षणाचे शुल्क घेणारी आणि उत्तीर्ण ठरविणारी संस्था येथे एकच असते. अमेरिकेत अनेक राज्ये त्रयस्थ परीक्षकांना मुभा देतात. परंतु व्यावसायिक वाहनांच्या संघीय नियमांनुसार परीक्षकास स्वतः शिकविलेल्या उमेदवाराची चाचणी घेता येत नाही. ही अट शिथिल करण्याचा २०१९ मधील प्रस्ताव २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. आपल्याकडे बायोमेट्रिक हजेरीची अट आहे. ती उमेदवार वर्गात आला होता एवढेच सांगते, त्याला गाडी चालविता येते की नाही हे नव्हे.