दंडावरची चकती, कातडीखालची कुपी

मधुमेही व्यक्तीच्या दंडावरची नाण्याएवढी चकती रक्तातली साखर मोजते, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ती रक्ताला शिवतही नाही. तिच्यातून निघालेली, जेमतेम 5 मिलिमीटरची बारीक तार कातडीखाली पेशींभोवतीच्या द्रवात बुडालेली असते. तारेवरच्या विकराची साखरेशी अभिक्रिया होते, इवलासा वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून काढलेला आकडा ब्लूटूथने मोबाइलवर येतो. रक्तातली साखर या द्रवात उतरायला वेळ लागतो. म्हणून आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. जेवणानंतर हे जास्त जाणवतं. आणि चकतीच्याच कुशीवर झोपलात, दंड दबला, की मध्यरात्री साखर उतरल्याचा खोटा गजर!

बहुतेक चकत्या 10 ते 15 दिवसांत बदलाव्या लागतात. ‘एव्हरसेन्स’ची छोट्या कॅप्सूलसारखी कुपी मात्र डॉक्टर छेद घेऊन कातडीखाली बसवतात. तिच्यात साखरेनुसार चमक बदलणारा पदार्थ असतो. अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ती 90 दिवस चाले. 2024 मध्ये मान्य झालेली वर्षभर चालते.

अंगाला घाम-थरथर आणि मोबाइलवर आकडा ठणठणीत, असं झालं तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर खात्री करा.