होगेवेक

होगेवेक हे नेदरलँड्समधील वेस्प येथे तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींसाठी उभारलेले निवासी निगा केंद्र आहे. कायद्याच्या दृष्टीने ते एक शुश्रूषागृह आहे. परंतु त्याची रचना रस्ते, चौक, बागा, दुकान, उपाहारगृह आणि नाट्यगृह असलेल्या लहानशा वस्तीसारखी असल्यामुळे ते ‘स्मृतिभ्रंशग्राम’ म्हणून जगभर ओळखले जाते. सध्याच्या स्वरूपातील वस्ती २००९ मध्ये पूर्ण झाली. व्हिव्हियम ही डच निगा संस्था ती चालवते. वेस्प हे अॅमस्टरडॅमच्या आग्नेयेस असलेले जुने गाव नूर्द-हॉलंड प्रांतात असून २०२२ मध्ये ते अॅमस्टरडॅम महापालिकेत समाविष्ट झाले.

स्मृती क्षीण झाली तरी सवयी, आवडीनिवडी आणि माणसांत राहण्याची गरज टिकून असते, या विचारावर होगेवेकची उभारणी झाली आहे. त्यामुळे येथे ‘उपक्रम’ म्हणजे वेळापत्रकातील तासभराची करमणूक नसून बाजारहाट, स्वयंपाक, फेरफटका आणि शेजारपाजार यांसह चालणारे नेहमीचे जगणे होय.

पार्श्वभूमी

स्मृतिभ्रंश हा एकच एक रोग नसून स्मरण, विचार, भाषा आणि दैनंदिन व्यवहार यांवर परिणाम करणाऱ्या लक्षणांचा समूह आहे. अल्झायमर रोग हे त्याचे सर्वांत मोठे कारण असून ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तो आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लक्ष व्यक्तींना स्मृतिभ्रंश होता. तो पूर्णपणे बरा करणारे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे रुग्णाचे उरलेले आयुष्य कसे जाते हा प्रश्न वैद्यकाइतकाच निगेचाही ठरतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांतील बहुतेक शुश्रूषागृहे रुग्णालयाच्या धर्तीवर बांधली गेली. लांब मार्गिका, मोठे सामाईक कक्ष, गणवेशातील परिचारिका, मध्यवर्ती स्वयंपाकघरातून ठरावीक वेळी येणारे जेवण आणि कुलूपबंद दारे ही त्यांची लक्षणे होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ या ग्रंथात अशा निगेवर टीका केली. रुग्णाचे खालावणे केवळ मेंदूतील बिघाडामुळे होत नाही. भोवतालची माणसे त्याला बाळासारखे वागवतात, त्याच्याकडे दुर्लक्ष करतात किंवा त्याच्या वतीने सर्व काही उरकून टाकतात, त्यामुळेही ते होते, असे त्यांनी मांडले. व्यक्तीचे ‘व्यक्तित्व’ जपणे हा निगेचा गाभा असावा, हा त्यांचा विचार पुढे ‘व्यक्तिकेंद्री निगा’ या नावाने रूढ झाला.

इतिहास

आजच्या वस्तीच्या जागी पूर्वी याच परिसराच्या नावाने ओळखले जाणारे बहुमजली, पारंपरिक शुश्रूषागृह होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथील काही कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाचा फेरविचार सुरू केला. इव्होन फान आमेरोंगेन या त्यांतील एक होत. वडिलांचे आकस्मिक निधन झाले तेव्हा, त्यांना निदान शुश्रूषागृहात दिवस काढावे लागले नाहीत, असा दिलासा आपल्याला वाटला. ज्या जागी आपण काम करतो तेथे आपल्या आईवडिलांनी राहू नये असे वाटत असेल तर त्या जागेतच काही चुकते आहे, असे आपल्या लक्षात आले, असे त्यांनी नंतर अनेक प्रसंगी सांगितले आहे. स्वतःच्या आईवडिलांसाठी कशी जागा हवी, या प्रश्नावर सहकाऱ्यांची चर्चा झाली आणि तिच्यातून नवी कल्पना आकारास आली.

नव्या पद्धतीचा प्रारंभ नव्या इमारतीची वाट न पाहता जुन्याच वास्तूत झाला. मोठे कक्ष मोडून निवाशांचे लहान गट करण्यात आले आणि समान राहणीच्या व्यक्तींना एकत्र ठेवण्यात आले. त्यानंतर संपूर्ण वास्तू पाडून नवी वस्ती बांधण्याचा निर्णय झाला. तिचा आराखडा मोलेनार अँड बोल अँड फानडिलेन या डच वास्तुरचनाकार संस्थेने केला. बांधकामासाठी सुमारे १ कोटी ९३ लक्ष युरो खर्च आला व त्यातील बहुतांश भाग शासकीय निधीतून मिळाला.

रचना

वस्तीचे क्षेत्रफळ सुमारे दीड हेक्टर आहे. बहुतेक घरे एकमजली किंवा दुमजली असून ती परिसराच्या कडेने अशी बांधली आहेत की घरांच्या बाहेरील भिंतीच वस्तीची सीमा होतात. त्यामुळे वेगळे कुंपण दिसत नाही. आतील बाजूस रस्ते, चौक, कारंजे, तळे आणि वेगवेगळ्या धाटणीच्या बागा आहेत. प्रत्येक भागाचे रूप निराळे ठेवल्यामुळे निवाशांना ओळखीच्या खुणांच्या आधारे वाट काढणे सोपे जाते.

आरंभी २३ घरांत सुमारे १५० निवासी राहत. पुढे घरांची संख्या २७ झाली आणि निवाशांची संख्या १८०च्या पुढे गेली. एका घरात सहा ते सात जण राहतात. प्रत्येकाला स्वतंत्र शयनकक्ष असतो. दिवाणखाना व स्वयंपाकघर सामाईक असते. परिसरात सुपरमार्केट, उपाहारगृह, मद्यगृह, केशकर्तनालय, नाट्यगृह आणि मंडळांच्या बैठकीसाठी दालने आहेत. उपाहारगृह व नाट्यगृह बाहेरच्या नागरिकांसाठीही खुले असल्यामुळे वस्तीत केवळ रुग्ण व कर्मचारी यांचाच वावर राहत नाही.

राहणीनुसार गट

निवाशांचे गट आजाराच्या तीव्रतेनुसार न पाडता त्यांच्या पूर्वायुष्यातील राहणीनुसार पाडणे हे होगेवेकचे वैशिष्ट्य आहे. प्रवेशाच्या वेळी कुटुंबीयांकडून व्यक्तीचा व्यवसाय, दिनक्रम, आहार, श्रद्धा आणि छंद यांची माहिती घेतली जाते व त्यावरून घर निश्चित केले जाते.

आरंभी असे सात गट होते. नागर गटातील घरे गजबजलेली व मोकळ्या वातावरणाची असत. कारागीर गटात लवकर उठणारी, साधे डच जेवण जेवणारी, हाताने काम करण्याची सवय असलेली मंडळी राहत. वेस्पजवळील खोइ या सधन प्रदेशावरून नाव पडलेल्या गटात जेवणाचे मेज रीतसर मांडले जाई आणि शिष्टाचाराला महत्त्व असे. सांस्कृतिक गटात संगीत, कला व नाटक यांना, ख्रिस्ती गटात प्रार्थनेला आणि घरगुती गटात घरकामाला मध्यवर्ती स्थान होते. ‘इंडिश’ या सातव्या गटाच्या नावाचा भारताशी संबंध नाही. डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, येथे आयुष्याचा काही काळ घालवलेल्या कुटुंबांसाठी तो होता. त्या घरांत भात व इंडोनेशियन पद्धतीचे जेवण शिजत असे.

नव्या पिढीतील वृद्धांची राहणी बदलल्यामुळे पुढे या गटांची फेररचना होऊन त्यांची संख्या चार करण्यात आली.

दैनंदिन जीवन आणि उपक्रम

होगेवेकमधील दिवस घराभोवती फिरतो. प्रत्येक घराचा स्वयंपाक त्या घरातच होतो. काय करायचे हे ठरवणे, सुपरमार्केटमधून सामान आणणे, भाजी चिरणे, मेज मांडणे, कपड्यांच्या घड्या घालणे या कामांत निवासी आपापल्या कुवतीप्रमाणे भाग घेतात. कोणी बटाटे सोलतो, कोणी नुसता जवळ बसून पाहतो. फोडणीचा वा भाजणाऱ्या पावाचा वास, भांड्यांचा आवाज, कोणाचे तरी येणे-जाणे यांतूनही दिवसाची वेळ कळते. जेवणाची वेळ झाली हे घड्याळ न वाचता येणाऱ्या व्यक्तीलाही समजते.

यामागे स्मृतीच्या स्वरूपाविषयीचे ज्ञान आहे. अल्झायमर रोगात अलीकडच्या घटनांची स्मृती प्रथम क्षीण होते. सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही, पण वर्षानुवर्षे हाताने केलेली कामे, पाठ झालेली गाणी, ओळखीचे ताल यांची स्मृती तुलनेने दीर्घकाळ टिकते. शिवणकाम केलेल्या स्त्रीच्या हाताला कापडाची घडी कळते. वाद्य वाजवणाऱ्याची बोटे सुरांवर पडतात. त्यामुळे नवे काही शिकवण्यापेक्षा उरलेल्या कौशल्यांना वाव देणारे काम अधिक फलदायी ठरते. काम पूर्ण झाले नाही वा चुकले तरी हरकत नसते. त्यात सहभागी होण्याने आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो ही भावना टिकते.

घराबाहेरच्या जीवनासाठी विविध मंडळे आहेत. गायन, संगीतश्रवण, चित्रकला, पाकक्रिया, बागकाम, बिंगो, सायकलविहार अशा आवडींनुसार निवासी त्यांत सामील होतात. मंडळाची बैठक घरात न होता वस्तीतील दुसऱ्या दालनात होते. त्यासाठी कपडे बदलून, कोट चढवून, रस्त्याने चालत जावे लागते. वाटेत कोणी भेटते, दोन शब्द होतात. हे जाणे-येणेही उपक्रमाइतकेच महत्त्वाचे मानले जाते, कारण त्यामुळे शरीराला हालचाल, उजेड व मोकळी हवा मिळते आणि ओळखीपाळखी टिकतात.

कोणत्याही उपक्रमाची सक्ती नसते. एकट्याने बाकावर बसून राहणे ही देखील निवड मानली जाते.

कर्मचारी आणि स्वयंसेवक

घरांत काम करणारे कर्मचारी पांढरा गणवेश न घालता साध्या कपड्यांत असतात. स्वयंपाक, साफसफाई आणि व्यक्तिगत निगा ही कामे वेगवेगळ्या विभागांत न वाटता घरातील त्याच परिचित व्यक्ती करतात. डॉक्टर, परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांची सेवा उपलब्ध असते. मात्र ती शक्य तितकी पार्श्वभूमीवर ठेवली जाते. दुकान, उपाहारगृह येथील कर्मचाऱ्यांनाही स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीशी कसे वागावे याचे प्रशिक्षण असते. एखादा निवासी पैसे न देता वस्तू उचलून निघाला तर त्याला अडवून लाजवले जात नाही. हिशेब नंतर केला जातो. शंभराहून अधिक स्वयंसेवक मंडळांच्या कामात, फेरफटक्यांत आणि गप्पागोष्टींत साथ देतात.

स्वातंत्र्य आणि सुरक्षितता

वस्तीला एकच प्रवेशद्वार असून तेथे सदैव कर्मचारी असतात. निवासी त्यातून एकटा बाहेर पडू शकत नाही. मात्र आत घराचे दार उघडून तो केव्हाही रस्त्यावर किंवा बागेत जाऊ शकतो. उद्‌वाहन कळ न दाबता आपोआप चालते, कारण कळ कोणती हे अनेकांना उमगत नाही.

अशा मोकळिकीत पडण्याचा, पावसात भिजण्याचा वा वाट चुकण्याचा धोका राहतो. तो शून्य करायचा तर व्यक्तीला खुर्चीत वा खोलीत जखडून ठेवावे लागेल आणि त्याने होणारी हानी अधिक मोठी असते, अशी संस्थेची भूमिका आहे. प्रवेशापूर्वी कुटुंबीयांशीही याबाबत बोलले जाते.

खर्च

निवासाचा खर्च प्रामुख्याने नेदरलँड्सच्या सार्वजनिक दीर्घकालीन निगा विम्यातून भागवला जातो. २०१५ पासून यासाठी स्वतंत्र दीर्घकालीन निगा कायदा लागू आहे. निवाशाने आपल्या उत्पन्नानुसार वाटा द्यायचा असतो. त्यामुळे प्रवेश केवळ श्रीमंतांपुरता मर्यादित राहत नाही. तीव्र स्मृतिभ्रंशामुळे शुश्रूषागृहातील निगेची गरज असल्याचे अधिकृत मूल्यांकन मात्र आवश्यक असते.

टीका आणि मतभेद

होगेवेकवरील पहिला आक्षेप फसवणुकीचा आहे. ‘द ट्रुमन शो’ (१९९८) या चित्रपटात नायक नकळत एका कृत्रिम नगरात राहत असतो. त्याच्याशी या वस्तीची तुलना अनेकदा केली गेली. संस्थापकांना ही तुलना मान्य नाही. दुकानात खरा माल मिळतो, उपाहारगृहात खरे जेवण मिळते आणि कर्मचारी अभिनेते नाहीत, असे ते म्हणतात. निवाशाने थेट विचारल्यास खोटे सांगू नये, पण तो भूतकाळात वावरत असेल तर वाद घालून त्याला व्याकूळही करू नये, अशी त्यांची रीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. वस्ती कितीही रम्य असली तरी ती समाजापासून वेगळी, बंद दाराआडची आहे, असे अपंग हक्क चळवळीतील काहींचे मत आहे. स्वतः स्मृतिभ्रंशासह जगणाऱ्या ऑस्ट्रेलियातील कार्यकर्त्या केट स्वाफर यांनी अशा विलगीकरणाला विरोध केला असून, रुग्णांसाठी वेगळे गाव उभारण्याऐवजी प्रत्येक गाव त्यांना राहण्याजोगे करावे, असा आग्रह धरला आहे.

तिसरा प्रश्न पुराव्याचा आहे. नव्या पद्धतीमुळे निवासी अधिक शांत व हालते-फिरते राहतात आणि त्यांना शामक औषधे कमी लागतात, असे सांगितले जाते. परंतु या विधानांचा आधार बहुतांशी संस्थेचा स्वतःचा अनुभव आहे. नियंत्रित व स्वतंत्र अभ्यास थोडे आहेत. शिवाय मांडणी, लहान गट, प्रशिक्षित कर्मचारी आणि पुरेसा निधी यांपैकी नेमक्या कशाचा किती परिणाम होतो, हे वेगळे काढणे कठीण आहे.

प्रभाव

होगेवेकपासून प्रेरणा घेऊन इतर देशांतही अशा वस्त्या उभ्या राहिल्या. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लँगली येथे २०१९ मध्ये, तर ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात ‘कोराँगी’ ही वस्ती २०२० मध्ये सुरू झाली. फ्रान्समधील दाक्स येथे २०२० मध्ये सुरू झालेल्या वस्तीत सुमारे १२० निवासी राहतात. तिची रचना स्थानिक लांद प्रदेशातील घरांसारखी आहे आणि आरंभापासूनच फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेशी निगडित संशोधकांचा गट तिच्या परिणामांचा अभ्यास करत आहे.

या सर्व ठिकाणी डच नमुन्याची हुबेहूब नक्कल झालेली नाही. एखाद्या प्रदेशातील वृद्धांना घर, बाजार, जेवण आणि शेजार म्हणजे काय वाटते, यावर वस्तीचे रूप अवलंबून राहते. चौक वा कारंजी उभारणे शक्य नसलेल्या सामान्य शुश्रूषागृहांनीही लहान गट, ओळखीचे कर्मचारी, घरातच शिजणारे अन्न आणि रोजच्या कामांत सहभाग ही सूत्रे आपल्या परीने स्वीकारली आहेत.