डावखुरी गोगलगाय

घरात कुठे एखादा शंख असेल तर घ्या बरं हातात. शेंडा वर, तोंड तुमच्याकडे. तोंड कुठे आलं? उजवीकडे! समुद्राच्या वाळूतला असो, बागेतला असो की तळ्यातला, जवळजवळ प्रत्येक शंखाचं तोंड उजवीकडेच येतं. (देवघरातला दुर्मिळ ‘दक्षिणावर्ती’ शंख मात्र असा धरला की त्याचं तोंड डावीकडे येतं! पूजेत शेंडा खाली धरून बघतात, म्हणून तिथे तो उजवा ठरतो. भांडू नका, दोघंही बरोबर आहेत.)

आता नागपूरला जाऊ. तिथे टाकळी नावाचा भाग आहे. आज तो शहरातच आहे, पण पूर्वी नागपूरबाहेरचं गाव होतं. तिथल्या दगडात अशाच डाव्या तोंडाच्या गोगलगायी सापडल्या. दगडात, आणि वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं!

त्या दगडात शिरल्या कशा? तेव्हा दख्खनच्या जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. पण सतत नाही हं. एक थर पसरायचा, थंड व्हायचा आणि मग बराच काळ सगळं शांत. त्या काळात खोलगट जागी पाणी साचून तळी व्हायची, काठाला झाडं उगवायची, पाण्यात गोगलगायी वाढायच्या. मग एक दिवस पुन्हा लाव्हा यायचा आणि तळं झाकून टाकायचा. तळाचा गाळ हळूहळू गारगोटीसारखा टणक झाला आणि त्यातले शंखही दगडाचे झाले. या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या आहेत, हे फार महत्त्वाचं. त्यावरूनच कळतं, की तिथे तेव्हा समुद्र नव्हता, तळी होती.

माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी निर्मळजवळच्या डोंगरांतून असे शंख गोळा केले. ते डोंगर आज तेलंगणात आहेत. इंग्लंडमधल्या सॉवर्बी यांनी ते तपासले आणि १८४० साली एका जातीचं नाव छापलं: फायसा प्रिन्सेपी. फायसा ही तिची प्रजाती, म्हणजे तिचं आडनावच म्हणा. तिच्या जवळच्या सगळ्या नातेवाईक जातींना ते लागतं. प्रिन्सेपी मात्र तिचं एकटीचं.

नाव ठेवणं सोपं वाटतं ना? करून बघा! जिवंत गोगलगायीला शिंगं असतात, पाय असतो, पोटातले अवयव असतात. इथे त्यातलं काहीच उरलेलं नाही. उरलाय फक्त शंख, तोही बऱ्याचदा फुटका. कधी तर शंखही विरघळून जातो आणि आतल्या पोकळीत भरलेला गाळच दगड होऊन शंखाचा आकार दाखवतो. मग शास्त्रज्ञ काय करतात? उंची मोजतात, रुंदी मोजतात. वेढे किती ते मोजतात, शेवटचा वेढा बाकीच्यांपेक्षा किती मोठा ते बघतात. तोंड लांबट की गोल? काठ जाड की पातळ? आणि हो, डावा की उजवा?

एक युक्ती मला फारच आवडते. गोगलगाय वाढते तशी शंखाच्या तोंडाशी नवा भाग जोडत जाते. जुना शंख टाकून देत नाही! म्हणजे शेंड्याचं इवलंसं टोक हा तिचा बाळपणीचा शंख असतो. त्यामुळे लहान शंख सापडला, की तो वेगळ्या जातीचा आहे की याच जातीचं पिल्लू, हे ताडून बघता येतं.

तरी घोळ होतोच. नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री आले. तिथलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. दगड फोडून जीवाश्म शोधायचा त्यांना भारी नाद! त्यांना या गोगलगायी ढिगानं मिळाल्या, पण काही सडपातळ, काही फुगीर, काही मधल्या. मग जाती तीन की एक? हिस्लॉप यांनी १८६० साली लिहिलं, की जात एकच, प्रकार वेगवेगळे. मला हे पटतं. एका तळ्यातल्या गोगलगायी तरी कुठे सगळ्या सारख्या असतात!

आडनावाचं भांडण मात्र पुढेही चालू राहिलं. आजच्या फायसा बोटाच्या पेराएवढ्या असतात, ही त्यांच्यापेक्षा बरीच मोठी व्हायची. शिवाय गोड्या पाण्यात डाव्या गोगलगायींची दुसरीही घराणी आहेत, आणि ती नीट ओळखायची तर आतले अवयव बघावे लागतात. ते कुठून आणायचे? काही संशोधकांनी तिला प्लॅटिफायसा या प्रजातीत टाकलं. असं आडनाव बदललं तरी सॉवर्बी यांचं नाव पुसायचं नाही, असा जगभरचा नियम आहे. फक्त ते कंसात लिहायचं. म्हणून तिच्या नावापुढे (सॉवर्बी, १८४०) असं दिसलं, तर ओळखायचं की हिचं आडनाव बदललेलं आहे.

डावखुरी फायसा जिवंत बघायचीय? मासे पाळणाऱ्या एखाद्या मित्राच्या टाकीत डोकवा. पाणवनस्पतींबरोबर छोट्या तपकिरी गोगलगायी न बोलावता येतात, त्यांत ती बऱ्याचदा असते. काचेवर चढली, की शेंडा वर धरून तोंड कुठल्या बाजूला येतं ते बघा.