मिल्टनच्या रात्री ऑरलँडोत

गेल्या वर्षी कोजागरीला मंडळात भेटलेल्या प्रत्येकाने आम्हाला एकच प्रश्न विचारला. "वादळ येतंय हे कळलं होतं ना? मग निघून का नाही आलात?" मसाला दुधाचा ग्लास हातात धरून त्याचं उत्तर देणं अवघड होतं. आता अंकाच्या निमित्ताने सविस्तर सांगते.

मुलांना ऑक्टोबरात आठवडाभर सुट्टी होती आणि सासू-सासरे पुण्याहून आलेले होते. डिस्ने वर्ल्ड नातवंडांबरोबर बघायचं, हा बेत वर्षभर आधी ठरलेला. सासऱ्यांच्या पाठीला सोसावं म्हणून नॅशव्हिल ते ऑरलँडो हा प्रवास आम्ही दोन टप्प्यांत केला. शनिवारी, ५ ऑक्टोबरला सकाळी घरून निघालो तेव्हा त्या वादळाला नावसुद्धा पडलेलं नव्हतं. दुपारी त्याचं 'मिल्टन' झालं, आणि सोमवारी आम्ही मॅजिक किंगडमच्या रांगेत उभे असताना ते पाचव्या श्रेणीचं हरिकेन झालं होतं. मेक्सिकोच्या आखातात ताशी १८० मैल वारे, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर. रांगेतला प्रत्येक मोठा माणूस फोनमध्ये बघत होता आणि मुलं मिकीची वाट बघत होती.

मंगळवारी सकाळी नवऱ्याने बॅगा भरायला काढल्या. त्याचं म्हणणं, अजून दीड दिवस आहे, सरळ उत्तरेला सुटू. मी नकाशा उघडला. उत्तरेकडे जाणारा आय-७५ लालभडक. टॅम्पा, सेंट पीटर्सबर्ग, सारासोटा इथल्या किनाऱ्यावरच्या लाखो लोकांना घरं सोडायला सांगितलं होतं आणि ते सगळे त्याच रस्त्यावर होते. पेट्रोल पंप कोरडे पडू लागले होते. सासरे बहात्तर वर्षांचे, दिवसातून चार वेळा इन्शुलिन घेणारे. गाडी वाटेत अडकली आणि वादळाने तिथेच गाठलं तर? हायवेवर उभी असलेली व्हॅन हा वादळात सर्वांत वाईट आसरा.

फ्लोरिडात एक सूत्र सांगतात : पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. हरिकेनमध्ये माणसं जास्त करून पाण्याने मरतात. समुद्र भिंतीसारखा जमिनीवर चढतो, तिथून पळायलाच हवं. ऑरलँडो दोन्ही किनाऱ्यांपासून बरंच आत आहे, तिथे समुद्र पोहोचत नाही. वाऱ्यासाठी मात्र भक्कम इमारत लागते. १९९२ च्या अँड्र्यू हरिकेनने हजारो घरं उडवल्यानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम फार कडक केले. आमचं हॉटेल काँक्रीटचं, खोली तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळपर्यंत लॉबीत टॅम्पाकडची कुटुंबं येऊन दाखल झाली, कुत्र्या-मांजरांसकट, काहींच्या हातात फोटोंचे अल्बम. ज्या गावातून आम्ही पळायचा विचार करत होतो, तिथे ते आसऱ्याला आले होते. नवऱ्याने बॅगा पुन्हा कपाटात ठेवल्या.

सासरे टीव्हीसमोरून हलत नव्हते. "आपण त्या पांढऱ्या शंकूच्या बरोबर मध्ये आहोत," असं दर तासाला जाहीर करत. पुढे पुढे शंकू रुंद होतो, म्हणजे वादळ फुगत जातं, असं त्यांना वाटत होतं. बहुतेकांना तसंच वाटतं. शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचा मध्य कुठून कुठे जाईल याचा तो अंदाज असतो, आणि दिवस जितका लांबचा तितका अंदाज सैल. तडाखा शंकूच्या बाहेरही बसतो. भारतात मी शाळेत भूगोल शिकवत होते, त्या सवयीने मी कागदी प्लेट घेतली आणि मुलांना दाखवलं, की आपल्या गोलार्धात हे वारे घड्याळाच्या उलट फिरतात, कोकणात येणारी चक्रीवादळंही तशीच. म्हणजे डोळ्याच्या दक्षिणेला वारा समुद्र आत ढकलणार आणि उत्तरेला पाणी बाहेर लोटणार. पुढे तसंच झालं. मिल्टन टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा कीजवळ किनाऱ्याला लागलं आणि ज्या टॅम्पा उपसागरात पाणी चढण्याची भीती होती, तिथलं पाणी चक्क ओसरलं.

पावसाचा धाक मात्र मला होताच. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी हेलीनने आपल्याच पूर्व टेनेसीत काय केलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. समुद्रापासून शेकडो मैल आत, डोंगरातल्या नद्यांनी गावं नेली. म्हणून मी काउंटरवर विचारून घेतलं की हॉटेलमागच्या तळ्याचं पाणी कुठवर येतं. त्या मुलाने मला पार्किंगचा खालचा भाग दाखवला. आम्ही गाडी वर आणून लावली.

बुधवारी, ९ तारखेला, पार्क दुपारी एकपासून टप्प्याटप्प्याने बंद झाले. विमानतळ सकाळीच बंद झाला होता. हॉटेलने बाहेरच्या खुर्च्या, छत्र्या, कुंड्या सगळं आत नेलं आणि सँडविच, फळं, बिस्किटं यांची पाकिटं विकायला ठेवली. सासूबाईंचे नवरात्राचे उपवास चालू. घट पुण्याला मोठ्या जाऊबाईंकडे, पण उपवास त्यांनी सोडला नव्हता. त्यांच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर पुष्कळ होते, त्यामुळे आमच्यात सर्वांत निश्चिंत त्याच. इन्शुलिनचं काय करायचं ते मी घरच्या औषधाच्या दुकानात फोन करून विचारलं. वापरात असलेलं पेन काही आठवडे बाहेर राहिलं तरी चालतं. न उघडलेली मात्र थंड हवीत, पण गोठता कामा नयेत, गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यायचं. ती रुमालात गुंडाळून बर्फाच्या बादलीशेजारी ठेवली, वीज गेली तर तयारी म्हणून.

मग आईचा फोन आला, मुरूडहून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा ती आणि बाबा दोघंच घरात होते. लॉकडाऊन होता, कोणी जाऊही शकलं नाही. कौलं उडाली, मागची सुपारीची बाग आडवी झाली, वीज सव्वा महिन्याने आली. तेव्हा मी नॅशव्हिलला फोन हातात धरून बसले होते. आता ती बसली होती.

"अगं, टब भरून ठेव. प्यायचं वेगळं. खिडकीच्या बाजूला कोणाला निजवू नकोस," आई म्हणाली. "आणि एक लक्षात ठेव, वारा मध्येच अगदी थांबला तर दार उघडायचं नाही. तो उलटा फिरून येतो."

वादळाच्या डोळ्याबद्दल मी वर्गात बरीच वर्षं शिकवलं, पण इतक्या कमी शब्दांत कधी सांगितलं नसेल.

संध्याकाळ व्हायच्या आत लॉबीतले सगळे फोन एकदम किंचाळले. टोर्नेडोचा इशारा. त्या दिवशी फ्लोरिडात असे शंभराहून अधिक इशारे दिले गेले. वादळाचा मध्य अजून समुद्रात होता आणि पार दुसऱ्या किनाऱ्यावर, सेंट लुसी काउंटीत, टोर्नेडोने सहा माणसं मारली. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी मुलांना घेऊन खोलीच्या न्हाणीघरात बसलो, टबात उशा टाकून.

साडेआठला मिल्टन तिसऱ्या श्रेणीचं होऊन किनाऱ्याला लागलं. आईकडे तेव्हा पहाटेचे सहा. आमच्याकडे खरा वारा अकरानंतर. लोक रेल्वेच्या आवाजाची उपमा देतात, मला तसं नाही वाटलं. कोणीतरी इमारतीला ओलं घोंगडं आपटतंय असा दबका, सततचा आवाज, आणि मध्येच दाराखालून बारीक शीळ. दिवे तीनदा गेले आणि आले. मुलं झोपली. मला झोप येईना, म्हणून दार उघडून कॉरिडॉरमध्ये गेले, तर सासूबाई आधीच तिथे एका खुर्चीवर, आणि त्यांच्याशेजारी आमच्या मजल्याची साफसफाई करणारी बाई.

ती पोर्तो रिकोची. २०१७ च्या मारिया हरिकेननंतर तिच्या गावात सात महिने वीज नव्हती, तेव्हा लेकीला घेऊन फ्लोरिडात आली. अशी खूप कुटुंबं तिकडे आहेत. वादळाच्या काळात हॉटेल सोडून जायचं नाही, अशी काही जणांची ड्यूटी लागते. हे लोक आदल्या दिवशी कपडे घेऊन येतात, मीटिंगच्या हॉलमध्ये खाटांवर झोपतात आणि वादळ गेल्यावर घरी जातात. तिची लेक आणि चार महिन्यांचा नातू किसिमीच्या भाड्याच्या घरात होते आणि साडेदहापासून फोन लागत नव्हता.

दोन दिवस आम्ही इमारत किती भक्कम आहे याचा हिशोब करत होतो. त्या हिशोबात ही बाई नव्हती. सासूबाईंचं इंग्रजी चार वाक्यांचं, तिचं आठ. दोघी बोलत फारशा नव्हत्याच. सासूबाईंनी तिला राजगिऱ्याचा लाडू दिला, तिने तो अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधून ठेवला. दर दहा मिनिटांनी ती फोन लावायची. मी खोलीतून चार्जर आणून दिला, त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. मध्यरात्रीनंतर वादळ आमच्या दक्षिणेकडून अटलांटिककडे सरकलं. चारच्या सुमारास वाऱ्यात खंड पडू लागला. पाच वाजून गेल्यावर तिचा फोन वाजला. ती उभी राहून स्पॅनिशमध्ये खूप जोरात बोलली, बहुधा रागावलीच, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. पार्किंगमध्ये पाणी, लेकीची गाडी बुडालेली, बाळ ठीक.

सहा वाजता ती उठली आणि गाडा ढकलत कोरडे टॉवेल वाटायला लागली. तिची ड्यूटी दुपारपर्यंत होती.

गुरुवारी पार्क बंदच होते. आमच्या हॉटेलचं नुकसान म्हणजे पडलेल्या फांद्या आणि एक वाकलेला दिव्याचा खांब. तिकडे सेंट पीटर्सबर्गला बेसबॉलच्या स्टेडियमचं छत फाटून गेलं होतं आणि राज्यभर तीस लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात होती. शुक्रवारी पार्क उघडले. मुलांना नेलं. मुलीला राइड्स आवडल्या, सासऱ्यांना आइस्क्रीम, तेही डोळा चुकवून.

शनिवारी दसऱ्याला निघालो. जॉर्जियात शिरल्यावर समोरच्या बाजूने विजेच्या कंपन्यांचे ट्रक दक्षिणेकडे जाताना दिसू लागले, शिड्या लावलेले, दहा-दहाच्या रांगांनी. कुठकुठल्या राज्यांच्या नंबरप्लेट. धाकट्याने मोजायला सुरुवात केली. सासूबाई प्रत्येक रांगेला हात जोडत होत्या. सत्तेचाळीसपर्यंत मोजून तो झोपला.